महिपतकाकांची यादी

महिपत तरे हे नाव तुम्ही ऐकलेलं असायचं काही कारण नाही. ते पेपरात कधी छापून आलं नाही, आणि ज्यांच्या कामी हा माणूस आला त्यांतल्या निम्म्यांना त्याचं आडनावही ठाऊक नव्हतं. ब्लड बँकांमध्ये त्यांना 'यादीवाले काका' म्हणत. मी त्यांचा टायपिस्ट. पुढे कॉम्प्युटरवाला झालो, पण त्यांच्या लेखी शेवटपर्यंत टायपिस्टच.

काका कोळशेतचे कोळी. वडिलांची होडी होती. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं तसा जाळ्यात मासळीपेक्षा चिखल जास्त यायला लागला, आणि ज्या कारखान्यांनी खाडी मारली त्यांतल्याच एकात काका हेल्पर म्हणून चिकटले. "पोट काय खाडीला इचारून भरायचा?" असं ते म्हणायचे. मला ते लाचार वाटायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं जगच लाचार वाटायचं.

त्यांचं लग्न मामाच्या मुलीशी, शेवंतीशी झालं. त्यांच्याकडे तशी रीतच होती. चौऱ्याऐंशी साली पहिल्याच बाळंतपणात शेवंतीकाकूंना रक्तस्राव झाला. आणलेली एकही बाटली जुळेना. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाईंचा गट बॉम्बे ब्लड ग्रुप आहे, फार दुर्मिळ, नात्यातल्या नात्यात लग्नं होत राहिली की कधीकधी निघतो. साधं ओ गटाचं रक्तसुद्धा या लोकांना चालत नाही, दिलं तर जीव जातो. काका मला म्हणाले होते, "मना वाटला, नाव बॉम्बे हाय तं बॉम्बेत मिलंल." परळपासून भायखळ्यापर्यंत ते दोन दिवस फिरले. परत आले तेव्हा काकूंना खाटेवरून खाली घेतलं होतं. मूल आधीच गेलं होतं.

महिन्याभराने त्यांना कुणीतरी सांगितलं की कल्याणला गोमाजी नावाचा एका शाळेतला शिपाई आहे, त्याचा गट हाच. काका रजा टाकून कल्याणला गेले. कशाला गेलात, असं मी विचारलं तर म्हणाले, "नुसता बघाला." गोमाजीच्या दारात उभं राहून त्यांनी त्या माणसाला बघितलं. बायको वाचवणारं रक्त ठाण्यापासून तासाभरावर चालतंबोलतं होतं आणि कुणाला माहीत नव्हतं. यादी तिथून सुरू झाली. पहिलं नाव गोमाजीचं.

सत्त्याऐंशीत कारखाना बंद पडला. काकांनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत वॉचमनची नोकरी धरली आणि सागावला खोली घेतली. माझा टायपिंग क्लास मानपाडा रोडला होता. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये ते हातात चौघांची नावं लिहिलेला कागद घेऊन आले आणि म्हणाले, "बारा कापी पायजेत, नीट अक्षरात." त्यानंतर अकरा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, तो कागद मी टाइप केला. चौघांचे त्रेपन्न झाले. ठाणे, कळवा, उल्हासनगर, कर्जत, कसारा, उरण.

नावं मिळवण्यापेक्षा ती जिवंत ठेवणं कठीण होतं. तेव्हा घरोघरी फोन कुठे होते? यादीतले बहुतेक नंबर पी.पी., म्हणजे शेजाऱ्याचे, वाण्याचे, शिंप्याचे. शेजाऱ्याशी नळावरून भांडण झालं की नंबर मेला. वाण्याने उधारी तोडली की नंबर मेला. मुलींचं तर विचारूच नका. रक्तात काही वेगळं आहे हे कळलं तर लग्न जमायचं नाही, म्हणून बाप पोरीचं नाव घालू देत नसे, आणि लग्न झालं की पोरीचं गाव बदले, आडनाव बदले, कधी पहिलं नावही बदले. म्हणून काका सुट्टीच्या दिवशी सायकल काढत आणि एकेका नावाच्या दारात जाऊन खात्री करत. फोन करून विचारत नसत. फोनवर माणूस "हो हो" म्हणतो, दारात उभं राहिलं की खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची आणखी एक खोड होती. नवा कागद द्यायला ते दवाखान्यात गेले की आधी जुना कागद परत मागत. तो हातात पडला की फाडत, आणि मगच नवा देत. कल्याणच्या एका डॉक्टरांनी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, ठेवून जा ना, सापडला की फेकून देऊ." काका तिथेच बाकावर दीड तास बसून राहिले. शेवटी नर्सने कुठल्याशा फायलीतून जुना कागद शोधून दिला. हा किस्सा मी क्लासमध्ये रंगवून सांगायचो आणि पोरं हसायची. मीही हसायचो.

अठ्ठ्याण्णवपर्यंत माझ्या क्लासात टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले होते आणि इंटरनेटची लाइनही आली होती. नव्व्याण्णवच्या जानेवारीत मी काकांच्या यादीची वेबसाइट केली. एकच पान. नाव, गाव, नंबर. फुकट जागा मिळते म्हणून ते अमेरिकेतल्या एका मशीनवर ठेवलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. मला वाटलं, आता सायकल अडगळीत.

पण पान उघडेना. आपल्याकडची फोनची लाइन, त्यातून ते पान सातासमुद्रापलीकडून यायचं. पाच पाच मिनिटं लागायची आणि मध्येच लाइन तुटायची. कल्याणच्या ब्लड बँकेतला टेक्निशियन मला म्हणाला, "आनंदभाऊ, तुमचं पान येईपर्यंत पेशंट जातो." गमतीत म्हणाला होता.

यावर उपाय असा की पानाची कॉपी जवळच्या मशीनवर ठेवायची. मूळ पान राहू दे अमेरिकेत, मागणाऱ्याला जवळची कॉपी मिळते आणि पटकन मिळते. आज हा मोठा धंदा आहे, तेव्हा सुरुवात होती. मी चौकशी केली. अमेरिकेतल्या एका कंपनीचा भाव ऐकून मी फोन ठेवूनच दिला. दुसरी कंपनी नौपाड्यातली, दोन खोल्यांची. तिच्या मशीनी मुंबईत आणि पुण्यात. तिच्याकडे दोन भाव होते. मूळ पानावरून रोज नवी कॉपी घ्यायची तर महिन्याला नऊशे रुपये. महिन्यातून एकदा, एक तारखेला घ्यायची तर अडीचशे.

काकांचा पगार बावीसशे होता. मी त्यांना दोन्ही भाव सांगितले. ते म्हणाले, "नवशे तं नवशे. एक येल जेवीन."

"काही गरज नाही," मी म्हणालो. "माणसाचा रक्तगट काय रोज बदलतो का? अडीचशेवाली घेऊ."

त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. "मी नंबर बदलला, तं जुना कागद कोन फाडनार?"

"कॉम्प्युटर फाडतो, काका. आपोआप."

हे मी कुठलाही कागद न वाचता बोललो. काकांचे साडेसहाशे रुपये वाचवले असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. नौपाड्याच्या त्या माणसाने मला सांगितलं होतं की अडीचशेवाली योजना आजच्या आज घेतलीत तर तुमच्या क्लासच्या पानाची कॉपी वर्षभर फुकट. मी आजच्या आज घेतली.

मार्चपासून पान अकरा सेकंदांत उघडायला लागलं आणि कागद वाटणं थांबलं. काका क्लासमध्ये येऊन माझ्या पाठीमागे उभे राहत आणि म्हणत, "पुन्ना उघड." मी पुन्हा उघडायचो. जूनमध्ये उल्हासनगरच्या एका मुलाला कर्जतच्या माणसाचं रक्त दोन तासांत मिळालं. त्या दिवशी काकांनी क्लासातल्या सगळ्या पोरांना वडापाव दिला. मी त्यांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

नऊ ऑगस्टला गोमाजी वारला. कल्याणात या गटाचं तेवढं एकच नाव होतं, ते गेलं. पण काका आधीपासून एका नव्या नावाच्या मागे होते. कल्याणातच, पारनाक्यावर, सरस्वती नावाची नवी सून आली होती, नाशिककडची, मे महिन्यात लग्न झालेली. तिची सासू केशरबाई. काका पहिल्यांदा गेले तेव्हा केशरबाईंनी दारातूनच सांगितलं, "आखाडाची माहेरी गेलीय." दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाल्या, "आमची सून काय रक्ताची बाटली आहे? अजून तिची कूस उजवायचीय." श्रावण लागल्यावर काका तिसऱ्यांदा गेले आणि त्यांनी केशरबाईंना शेवंतीकाकूंचं सगळं सांगितलं. एरवी ते हे कुणालाच सांगत नसत. केशरबाईंनी ऐकून घेतलं, आत जाऊन सुनेशी बोलल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "खालच्या वाण्याचा नंबर लिहा. पण नेताना मीही बरोबर येणार."

चौदा ऑगस्टला काकांनी मला चिठ्ठी आणून दिली. गोमाजीचं नाव काढ, सरस्वतीचं घाल. मी त्याच दुपारी मूळ पान बदललं आणि चिठ्ठी टेबलाच्या खणात टाकली. माझं काम चोख होतं. फक्त नौपाड्याच्या मशीनवरची कॉपी एक ऑगस्टची होती आणि ती एक सप्टेंबरपर्यंत तशीच राहणार होती. हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सव्वीस ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. काका दरवर्षीप्रमाणे खाडीला नारळ वाहायला कोळशेतला गेले होते आणि सागावच्या खोलीला कुलूप होतं. त्या दिवशी दुपारी दोन वाजता कल्याणच्या एका नर्सिंग होममध्ये टिटवाळ्याच्या चंद्रभागा नावाच्या बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. वय सव्वीस. गट बॉम्बे. ब्लड बँकेच्या टेक्निशियनने पान उघडलं. अकरा सेकंदांत उघडलं. कल्याणचं नाव होतं गोमाजी, नंबर शिंप्याचा. शिंपी म्हणाला, "अहो, ते जाऊन सतरा दिवस झाले." मग काकांच्या घरमालकाला फोन गेला, तर काका नाहीत. मग टेक्निशियनने पुढची नावं लावली. ठाणे, कळवा, उल्हासनगरची माणसं सणाला बाहेर गेलेली, नाहीतर शेजारी फोन उचलेनात. कर्जतवाल्याने जूनमध्येच दिलेलं, त्याचं घेता येईना. उरणचा माणूस मिळाला आणि लगेच निघाला. तो सव्वासातला पोचला. चंद्रभागा पावणेसहाला गेली होती. मुलगी जगली.

पारनाका त्या नर्सिंग होमपासून चालत दहा मिनिटांवर आहे. एका बाटलीने ती वाचलीच असती असं कुठलाही डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण सरस्वती घरी होती. केशरबाईही घरी होत्या. सणाचा नारळीभात चालला होता.

टेक्निशियनने दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मला फोन करून हे सांगितलं. मी मूळ पान उघडलं. त्यावर सरस्वती होती. मग ब्लड बँक जो पत्ता वापरायची तो उघडला. त्यावर गोमाजी होता. मी तीन वेळा उघडून पाहिलं. मग खणातून कंपनीचा कागद काढून पहिल्यांदाच नीट वाचला. सगळं त्यात लिहिलेलं होतं. मला कुणी फसवलं नव्हतं.

दहा वाजता काका आले. ब्लड बँकेतून त्यांनाही कळलं होतं. त्यांच्या काखेत यादीची वही होती. क्लासात आठ-दहा पोरं बसलेली, अॅडमिशनसाठी एक बाई मुलीला घेऊन आलेली. काका माझ्या टेबलाशी आले, वही उघडून त्यांनी सरस्वतीच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आनंदा, वहीत लिवलाय. मंग पानावर कसा नाय? मी तुना चिठ्ठी दिलेली ना रं?"

चिठ्ठी खणात होती. खण माझ्या गुडघ्याला लागत होता. ती बाई माझ्याकडे बघत होती.

"नाही काका," मी म्हणालो. "चिठ्ठी नाही मिळाली मला."

भीती होती, लाजही होती. पण एका माणसाचं अख्खं आयुष्य ज्या एका गोष्टीवर उभं होतं तीच मी त्याच्याकडून काढून घेतली, आणि तेही अॅडमिशनची बाई जाऊ नये म्हणून. काकांनी वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा त्या नावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिली आसंल आसा वाटलेला मना." संध्याकाळी पोरं गेल्यावर मी चिठ्ठीचे तुकडे करून टाकले. नऊशेवाली योजना मात्र त्याच दिवशी घेतली, स्वतःच्या खिशातून. ते सोपं होतं.

तेराव्याला काका टिटवाळ्याला गेले. मला बरोबर चल म्हणाले आणि मला नाही म्हणता आलं नाही. चंद्रभागेचा नवरा उत्तम पिठाच्या गिरणीत कामाला होता. काकांनी आपली टोपी काढून त्याच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "तुजी बायको माज्यामुले गेली. मी चिठ्ठी द्याला इसरलो." उत्तमला काही कळेना. त्याला यादी माहीत नव्हती, चिठ्ठी माहीत नव्हती. त्याने घाबरून टोपी उचलली आणि काकांच्या हातात दिली. आतून बाळाचं रडणं येत होतं. उत्तमच्या आईने आम्हाला चहा दिला. तो चहा मी प्यालो, हे मला अजून सहन होत नाही.

आठवड्याने काकांनी वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. "माज्या डोक्याचा आता भरोसा नाय. मी इसरतो. तू नाय इसरत." नोकरी सोडून ते कोळशेतला बहिणीकडे, जनाबाईंकडे राहायला गेले. ते साठीचेही नव्हते. दारात जाऊन खात्री करायची फेरी मी सुरू केली, मोटारसायकलवरून. लोक विचारायचे, काका कुठे? मी म्हणायचो, तब्येत बरी नाही.

डिसेंबरात मला राहवेना. मी कोळशेतला गेलो. काका ओट्यावर बसून लसूण सोलत होते. बरेच वाळले होते. जनाबाई म्हणाल्या, "सकालपासून तीनदा इचारला, ग्यास बंद केला का." मी त्यांच्यासमोर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी मिळाली होती. चौदा तारखेला मिळाली होती. मी पान बदललंही होतं. कॉपी स्वस्तातली मी घेतली, ती महिन्यातून एकदाच बदलायची, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

काकांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता मारतील. मारावं असं फार वाटत होतं.

"जना, पोराला चा ठेव," ते म्हणाले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मनाचा मऊ हाईस. पन माज्यासाठी आल आपल्या आंगावर नको घेऊ."

"आळ नाही काका. खरं सांगतोय."

"मंग चिठ्ठी दाखव."

"फाडली मी."

ते हसले. रागाने नाही, मायेने हसले. मी म्हणालो, कॉम्प्युटरवर तारीख आहे, चौदा ऑगस्ट, चला दाखवतो. ते म्हणाले, "कॉम्प्युटर तुजाच ना? तू आज लिवशील नि तारीख मांगची घालशील. म्हाताऱ्याला बरा वाटावा म्हनून." मी शपथ घेतली, माझ्या आईची घेतली. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि शपथ पुरी करू दिली नाही.

मी पुढे दोन वर्षांत सहा-सात वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी तेच सांगितलं. जितक्या वेळा सांगितलं तितका मी त्यांच्या नजरेत चांगला होत गेलो. शेवटच्या तापात ते जनाबाईंना एकच विचारत होते, मी आनंदाला चिठ्ठी दिलेली का नाय. जनाबाई म्हणाल्या, दिलेलीस रे भाऊ. ते म्हणाले, तुना त्यानंच सांगितला आसंल, आणि भिंतीकडे तोंड करून निजले.